बाटली वाढली

लातूरच्या ज्या सोड्याच्या कारखान्यात मी नोकरी केली, तिथे हॉलमध्ये शिरल्याबरोबर डाव्या भिंतीवर लाल ऑइलपेंटमध्ये एक वाक्य रंगवलेलं होतं : ‘काच फुटताच “फुटली” असे मोठ्याने ओरडावे.’ वाक्य माझं, अक्षर पेंटरचं. पेंटरने ‘मोठ्याने’ हा शब्द इतका मोठा काढला होता की मालक म्हणाले, आता कुणी ओरडायची गरजच नाही, भिंतच ओरडतेय. बाया हसल्या. मी हसले नाही. त्या काळात मी फारशी हसत नसे, आणि न हसणाऱ्या बाईला लोक हुशार समजतात, एवढा एक फायदा होता.

हॉल एक आणि कामं दोन, हे त्या कारखान्याचं मूळ दुखणं. डावीकडे काचेची लाइन. दुकानांतून, हॉटेलांतून परत आलेल्या रिकाम्या बाटल्या धुवायच्या, ट्यूबलाइटसमोर धरून तपासायच्या, त्यात लिंबू सोडा भरायचा आणि बूच ठोकायचं. उजवीकडे प्लास्टिकच्या बाटल्यांत पाणी आणि सरबत. हे उजवीकडचं काम नंतर आलं. लातुरात शिकवण्यांचं पेव फुटलं, गल्लोगल्ली होस्टेलं आणि खानावळी झाल्या, आणि त्यांना काचेच्या बाटल्या नको होत्या. मालकांकडे शेड एकच, कॉम्प्रेसर एक, पाण्याची टाकी एक, आणि ती टाकीसुद्धा उन्हाळ्यात टँकरच्या मेहेरबानीवर. म्हणून दोन्ही कामं एकाच छपराखाली चालत. मध्ये छतापासून जमिनीपर्यंत एक जाड, पारदर्शक पडदा सोडलेला होता, तो माझ्या हट्टाने.

सोडा भरताना बाटलीत गॅसचा दाब असतो. एखाद्या जुन्या बाटलीला न दिसणारी चीर असली की ती फटाक्यासारखी उडते आणि तिच्या कपच्या कुठल्या कुठे जातात. काचेच्या बाटलीतून पिणारा माणूस निदान एकदा ती उजेडाकडे धरून बघतो. प्लास्टिकच्या बाटलीत काच असेल हे कुणाच्या स्वप्नातसुद्धा येत नाही, आणि पडद्याच्या पलीकडे तर त्या बाटल्या तोंड उघडं ठेवून ओळीने उभ्या असायच्या. म्हणून तो नियम. कुणी ‘फुटली’ ओरडलं की मशिनवाल्याने आधी लाइन बंद करायची, पलीकडच्या बायांनी आपल्या बाटल्यांवर कापड टाकायचं, फुटलेल्या बाटलीच्या आजूबाजूच्या भरलेल्या बाटल्या सरळ फेकून द्यायच्या. हवेचा पाइप मारून साफ करायचं नाही, कारण त्याने काच आणखी उडते. पाणी मारायचं आणि लाल दांड्याच्या झाडूने गोळा करायचं. तो झाडू दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही, म्हणून तो माझ्या खोलीत कुलपात. मग सगळे तुकडे काळ्या ट्रेवर मांडून मी बाटली पुन्हा जुळवत असे. पूर्ण जुळली तर ठीक. एखादा तुकडा कमी भरला तर तो सापडेपर्यंत माल बाहेर जाऊ द्यायचा नाही.

हे सगळं मी एका पुस्तकात वाचून आणि थोडं स्वतःच्या डोक्याने बसवलं होतं. मी नांदेडची बी.एस्सी. लग्न होऊन औशाकडच्या एका खेड्यात गेले. गौरी-गणपतीला माहेरी हदगावला आले होते आणि विसर्जन झाल्यावर परत जाणार होते. विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे सासरचं गाव मातीत गेलं. नवरा त्यात गेला. त्यावर मी इथे जास्त लिहिणार नाही. ज्यांचं गेलं त्यांना सांगावं लागत नाही, आणि ज्यांचं गेलं नाही ते फार मन लावून ऐकतात, ते मला सहन होत नाही.

भूकंपानंतर मला माणसांपेक्षा कणवेचाच जास्त कंटाळा आला. जो भेटेल तो मान तिरकी करून बघायचा. मदतीची ब्लँकेटं आली, ती घेताना फोटो काढले गेले. माहेरी वहिनी माझ्यासमोर भावाला नावाने हाक मारायची बंद झाली. शेवटी लातूरला ही मालाच्या तपासणीची, देखरेखीची नोकरी मिळाली तेव्हा मी मनाशी ठरवलं की तिथे कुणाला काही सांगायचं नाही. भूकंपातली बाई म्हणून नाही, नुसती बाई म्हणून राहायचं.

पण नुसती बाई म्हणून राहायला लातुरात जागा नव्हती. मी जिथे खोली घेतली त्या गल्लीत प्रत्येक घराने एकेक खोली बांधून बारावीच्या पोरांना भाड्याने दिली होती. काही पोरांबरोबर त्यांच्या आया यायच्या, दोन वर्षं स्वयंपाक करून द्यायच्या आणि निकाल लागला की भांडीकुंडी गोणीत भरून गावाकडे जायच्या. घरमालकिणीने मला पहिल्याच दिवशी विचारलं, “पोरगा का पोरगी?”

“काय?”

“शिकायला आलंय ते.”

“मी एकटीच आहे. नोकरीला.”

“एकटीच?” ती म्हणाली, आणि तिने माझ्या हातांकडे पाहिलं. मग तिने पुढे काही विचारलं नाही, आणि त्या न विचारण्यातच तिला सगळं कळलेलं होतं.

पहाटे गल्लीत सगळ्या खोल्यांतले गजर लागोपाठ वाजायचे. भिंतीपलीकडे कुणी तरी मोठ्याने सूत्रं पाठ करायचं. मी पडल्या पडल्या ऐकायची. पाठांतरातली चूक मला कळायची, आणि उठून सांगावंसं वाटायचं, पण सांगणार कुणाला? ती पोरं मला जिन्यात वाट करून द्यायची आणि खाली बघायची. त्यांच्या आया संध्याकाळी ओट्यावर बसून भाज्या निवडत. मी आले की एखादी सरकून जागा द्यायची, आणि बोलणं मात्र तिथेच तुटायचं.

कारखान्यातही तेच. तिथे मला एक काम असं करावं लागलं की जे माझ्या वैऱ्यावर येऊ नये. हॉलमध्ये काचेच्या बांगड्या चालणार नाहीत, हे मलाच सांगायचं होतं. बांगडी बेल्टला लागून मोडली तर तिचा तुकडा आणि बाटलीचा तुकडा, घशाला दोन्ही सारखेच. म्हणजे जिच्या हातात घड्याळाखेरीज काही नाही, तिने दारात उभं राहून सवाष्णींना म्हणायचं, बांगड्या काढा. मी ते म्हटलं. हॉलमध्ये अशी शांतता पसरली की कॉम्प्रेसर बंद पडला की काय असं वाटलं.

पलीकडे प्लास्टिकच्या बाटल्यांच्या टेबलापाशी एक आपा होती. तिच्या घरचा पिढ्यानपिढ्या बांगड्यांचाच धंदा. तीच आधी बोलली. “बाई, आमची रोटीच बंद करताव की काय?” आणि हसली. मग दुसऱ्या दिवशी तिनेच घरून धातूच्या पातळ बांगड्या आणल्या आणि सगळ्यांच्या हातात चढवल्या. काहींनी त्याखाली हिरवा दोरा बांधला. प्रश्न मिटला. मला मात्र त्या दिवसापासून वाटत राहिलं की या बाया मला मनातून माफ करणार नाहीत.

कारण दिसत होतं. मी दारातून आत आले की त्यांचं बोलणं थांबायचं. बाहेरून मला ऐकू यायचं, कुणाच्या पोरीला पाहायला यायलेत, कुणाच्या सुनेचं डोहाळजेवण, कुणाच्या जावयाने काय केलं. मी पाऊल टाकलं की एकदम बाटल्यांचा आवाज तेवढा उरायचा. एखादी म्हणायची, “ऊन लई हाय आज.” दुसरी म्हणायची, “व्हय.” बस्स. उन्हाबद्दल आणि पाण्याबद्दल मी त्या हॉलमध्ये जेवढं ऐकलं तेवढं वेधशाळेतल्या माणसानेही ऐकलं नसेल.

त्यात एक मावशी होती, मशिनला लागून, तपासणीच्या उजेडासमोर बसणारी. औशाहून रोज एस.टी.ने यायची. नवरा कमरेने अधू, घर तिच्या एकटीवर. तिच्या नजरेतून चीर सुटत नसे. दुपारी ती माझ्या खोलीत यायची, टेबलावर भाकरी आणि ठेचा झाकून ठेवायची आणि निघून जायची. मी म्हणायची, “बसा की मावशी.” ती म्हणायची, “न्हाई बाई, तुमी जेवा.” मला ती भाकरी अधिकाऱ्याला ठेवलेल्या नैवेद्यासारखी वाटायची. खायची मी ती, चांगली लागायची, पण एकटीने खायची.

बाटल्या अधूनमधून फुटतच होत्या, आणि नियम चालत होता. कुणी तरी ओरडायचं, लाइन थांबायची. मी हॉलमध्ये असले तर बाया ‘वाढली!’ असं ओरडायच्या. माझ्या कानाला त्यात काही खटकलं नाही. आम्हा बायकांना लहानपणापासून तेच वळण. बांगडी कधी फुटत नाही, वाढते. मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं. नारळसुद्धा आपण वाढवतो. जुना मशिनवाला लातूरचाच होता, त्यालाही वाढली म्हणजे काय ते बरोबर कळायचं. भिंतीवर काही लिहिलेलं असो, काम होत होतं.

मग तो मशिनवाला सोडून गेला आणि त्याच्या जागी देगलूरचा एक जण आला. घरी तेलुगू बोलणारा, कामाला चोख, मराठी जरा हात राखून बोलणारा. त्याला मी भिंतीवरचं वाक्य दाखवलं. त्याने ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, “फुटली म्हणले की बंद. समजलं मॅडम.”

त्या दिवशी उकाडा फार होता. पलीकडच्या बायांनी वारा यावा म्हणून पडदा गुंडाळून वर खोचला होता. मागच्या दारात टेम्पो लागलेला, एका शिकवणीच्या कॅन्टीनचा माल घाईने चढत होता. मी हॉलमध्ये सरबताची चव बघत उभी होते. बूच ठोकायच्या मशिनजवळ बाटली उडाली आणि मावशी ओरडली, “वाढली!” मी ऐकलं, आणि रोजच्या सवयीने झाडू काढायला माझ्या खोलीकडे वळले. लाइन थांबणारच, हे मी गृहीत धरलं होतं.

झाडू घेऊन परत आले तर बेल्ट चालूच. मावशी बेल्टच्या पलीकडे अडकलेली, पायाशी काच, दोन्ही हात वर करून ओरडत होती, “वाढली! आरं वाढली, वाढली!” आणि देगलूरकर तिच्याकडे पाठ करून घाईने व्हॉल्व्ह फिरवत होता. “हां हां, कमी करायलोय!” तो ओरडून सांगत होता. त्याला वाटलं, बाटल्यांतली लेव्हल वाढली. मावशी जितकी जिवाच्या आकांताने ओरडेल तितका तो बिचारा सोडा कमी करत होता. मी धावले आणि लाल बटण दाबलं. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही.

लाइन थांबली, पण ती चालूच आहे हे बघून पलीकडच्या बायांनी कापड न टाकता टेम्पोच्या घाईत बाटल्यांना झाकणं लावून टाकली होती, आणि टेम्पो निघून गेला होता.

मी काळ्या ट्रेवर तुकडे जुळवायला बसले. बूड जुळलं, पोट जुळलं. मानेजवळचा एक तुकडा, अंगठ्याच्या नखाएवढा, भरेना. आम्ही मशिनखाली पाहिलं, नाली पाहिली, मोरी पाहिली. कुठेच नाही.

देगलूरकराची जुनी मोपेड होती. तो म्हणाला, “बसा मॅडम, टेम्पो गाठू.” नवरा गेल्यापासून मी कुणाच्या मागे बसले नव्हते. बसले. मागची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि ऊन तोंडावर घेत आम्ही औसा रोडला लागलो.

“मॅडम, वाढली म्हणजे वाढली ना?” तो मान मागे करून विचारत होता.

मी त्याला बांगडीचं सांगितलं.

“ते आमच्या घरात बी म्हणतात. बांगडी वाढली म्हणतात. मला माहीत हाय.” मग थोडं पुढे जाऊन तो म्हणाला, “पण मॅडम, बाटली? बाटली काय कुणाची बायको हाय का?”

मला त्याही परिस्थितीत हसू आलं. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. खरंच की. माझ्या आईच्या हातून काचेचा ग्लास पडला तर ती म्हणायची, फुटला मेला. बाटलीला वाढली म्हणताना मी कारखान्याबाहेर कुणालाच ऐकलं नव्हतं.

टेम्पो शिकवणीच्या दारात माल उतरवतच होता. वर्ग सुटलेला, पोरं कॅन्टीनभोवती गोळा झालेली. मी ओरडून सांगितलं की यातली एकही बाटली उघडायची नाही. एका मुलीने हातातली बाटली निमूटपणे माझ्याकडे दिली, झाकणाला हात घालतच होती ती. किती कोवळा गळा तिचा. सगळा माल परत चढवला. कारखान्यात आणून एकेक बाटली मलमलीच्या कापडातून ओतली. आपा कापड धरून होती. तिच्या बोटांना काही टोचलं आणि ती म्हणाली, “मिला बाई.” कापडावर तो तुकडा होता. मी तो ट्रेवर मानेच्या जागी ठेवला आणि बाटली पूर्ण झाली.

मालक दुष्ट नव्हते. पण त्या दिवशी ते घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसाला कुणावर तरी ठपका ठेवावा लागतो. “भिंतीवर एवढं ढळढळीत लिहिलंय, तरी ती बाई भलतंच ओरडते. उद्यापासून तिला नका येऊ देऊ.”

“आधी विचारून बघते,” मी म्हटलं.

मावशीला खोलीत बोलावलं. पहिल्यांदा ती खुर्चीवर बसली, तीही अगदी कडेला.

“भिंतीवरचं वाचता येतं ना तुम्हाला?”

“येतंय की.”

“मग वाढली का म्हणालात?”

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी पुन्हा विचारलं, जरा चढ्या आवाजात.

“तुमी म्होरं हुबा व्हता, बाई.”

“मग?”

“तुमच्या म्होरं तसलं कसं बोलावं? तुमच्या हाताकडं नदर जाती, आन् तोंडातून निघतच न्हाई.”

“आणि मी नसते तेव्हा?”

“तव्हा आरडताव की. फुटली म्हूनच आरडताव समद्या.”

ती आता बोलायला लागली होती आणि तिला थांबता येत नव्हतं. तिच्या बहिणीचं गाव माझ्या सासरच्या शिवेला लागून. मी आले त्याच आठवड्यात तिने मला ओळखलं होतं. सगळ्या बायांनी मिळून ठरवलं होतं की बाईंच्या देखत फुटणं-तुटणं बोलायचं नाही. बांगड्या, चुडा, हळदीकुंकू, कुणाचं लग्न, कुणाची ओटी, काहीच काढायचं नाही. “तुमचं काळीज दुखू नये म्हून,” ती म्हणाली. “मंग उरतंय काय बोलायला? ऊन आन् पाणी.”

मला भयंकर राग आला. एवढ्या वर्षांत मला इतका राग आलेला आठवत नाही. ज्या कणवेपासून पळून मी इथे आले, ती माझ्या आधीच येऊन दारात बसली होती. या बाया माझा दुस्वास करतात असं समजून मी रोज रात्री पोळी गिळली होती, आणि त्या मात्र माझी जपणूक करत होत्या. दुस्वास परवडला असता, त्याच्याशी भांडता तरी येतं. मायेने एकटं पाडलं तर माणसाने कुणाकडे तक्रार करायची? मग मी रडले. मावशीने माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, नुसती खुर्ची जवळ ओढली आणि बसून राहिली. आता ती खुर्चीभर बसली होती.

बायकांच्या भाषेत एक बारीक रेघ आहे. जिला उद्या दुसरी बांगडी भरायची आहे तिची वाढते. जिला भरायची नाही तिच्या फोडतात, आणि तिथे मात्र शब्द सौम्य करायची कुणाला गरज वाटत नाही. माझ्या फोडल्या, हदगावच्या अंगणात. कुणी, ते सांगत नाही. ती बाई अजून आहे. मी तो शब्द भिंतीवर लिहून घेतला खरा, पण त्या दिवसापासून स्वतःच्या तोंडाने उच्चारला नव्हता, हे माझ्या तिथे बसल्या बसल्या लक्षात आलं.

मालकांना मी सांगितलं, “ती बाई चांगली आहे. नियमच माझ्यासमोर चालत नव्हता.” त्यांना काही कळलं नाही. ते म्हणाले, “मी आता रोज हॉलमध्ये उभा राहतो. पुढची बाटली फुटेल तेव्हा काय ओरडते ते माझ्या कानाने ऐकेन. वाढली म्हणाली तर घरी.” आणि त्यांनी एक शिट्टीही आणून दिली. शिट्टी बघून बाया पदर तोंडात धरून हसल्या. पुरुषांदेखत ती एकीनेही ओठाला लावली नाही.

मग आमची तालीम सुरू झाली. मी म्हणायची, “म्हणा मावशी, फुटली.” तिचे ओठ फु-पर्यंत यायचे आणि मिटायचे. मी दाराबाहेर जाऊन उभी राहिले की आतून खणखणीत यायचं, “फुटली!” मी आत पाऊल टाकलं की पुन्हा मुकी. “लाज वाटतीय हो,” ती म्हणायची. “शिवी दिल्यावानी वाटतंय.” मी चिडायची. तुमची नोकरी जाईल, म्हणायची. ती मान डोलवायची. औशाच्या घरात तिची वाट बघणारा अधू नवरा मला दिसायचा, आणि ही एका शब्दासाठी अडून बसलेली.

पुढची बाटली काही फुटेना. मालक हॉलमध्ये येरझारा घालत. बाया ऊन आणि पाण्याबद्दलसुद्धा बोलेनाशा झाल्या.

आणि मग एका सकाळी ती उडाली, मावशीच्या अगदी समोर. मालक पडद्यापाशी उभे. मी मावशीच्या शेजारी. मला तिचा चेहरा दिसला. तिचं तोंड उघडलं होतं, डोळे माझ्या मनगटावर आले होते आणि आवाज येत नव्हता. बेल्ट पुढे सरकत होता. पलीकडे बाटल्या तोंड उघडून उभ्या होत्या.

“फुटली!” मी ओरडले.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. तो पोटातून आला, बेंबीच्या देठापासून, आणि एकदा आल्यावर थांबेना. “फुटली! फुटली!” देगलूरकराचा हात बटणावर पडला. आपाने कापड टाकलं. आणि माझ्या शेजारून, माझ्याहून मोठ्याने, मावशी ओरडली, “फुटली गं बाई, फुटली!” तिच्यामागून धुणाऱ्या बाया, बूच लावणाऱ्या बाया, सगळ्या. लाइन कधीच थांबली होती तरी हॉल ओरडत होता. मालकांनी कानांवर हात ठेवले. “ऐकलं, ऐकलं,” म्हणाले आणि ऑफिसात गेले. मावशीचं नाव पुन्हा त्यांनी काढलं नाही.

मी झाडू आणला. पाणी मारलं. ट्रे घेऊन मशिनजवळच पाटावर बसले आणि तुकडे जुळवायला लागले. बाया लाइन सुरू व्हायची वाट बघत उभ्या होत्या. जरा वेळाने मागे कुणी तरी हळू आवाजात बोलायला लागलं. मावशीच्या भाचीचं लग्न होतं, तिला चुडा कुठून भरायचा याची चर्चा. आपा म्हणाली, आमच्याकडं आणा, फुकटात भरते. मी बूड जुळवलं, पोट जुळवलं. बोलणं थांबलं नाही. मी मान वर केली नाही, उगाच हललं तर थांबेल म्हणून. मानेचा शेवटचा तुकडा बसला, बाटली पूर्ण झाली, तरी मी तशीच वाकून काच शोधत राहिले.

“बाई,” मावशीने विचारलं, “तुमच्या हदगावाकडं चुडा कसला भरत्यात वं?”

असलं काही मला कुणी विचारून किती वर्षं झाली होती. मी म्हटलं, “हिरवाच. पण मला भरलेला जरा मोठा होता. सारखा कोपरापर्यंत जायचा.”

“मापच चुकलं म्हना कासाराचं,” ती म्हणाली, आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसली.